एका धाब्याखालची दोन घरं

मला दोन आया होत्या असं सांगितलं की शहरातली माणसं एकदम गंभीर होतात आणि तुमच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं का, असं दबक्या आवाजात विचारतात. तसं काही नव्हतं. जिच्या पोटी मी जन्मले ती माय, आणि जिच्या कुशीत झोपले ती मोठमाय, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमच्या भागात थोरल्या काकाला मोठेबाबा म्हणतात आणि काकूला मोठमाय. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. माझ्या जन्मानंतर माय तापानं अंथरुणाला खिळली, तेव्हा मोठमायनं मला शेळीच्या दुधावर जगवलं. तिला उठून हिंडूफिरू लागायला तीनेक वर्षं लागली, आणि लगेच तिला पुन्हा दिवस गेले. मग माझा भाऊ आला, त्याच्या मागून बहीण आली. मला परत मागून घ्यावं अशी सवड मायला कधी मिळाली नाही, आणि मोठमायनंही आपण होऊन मला परत केलं नाही. यात कोणी काही ठरवलेलं नव्हतं. एका घरात एका चुलीवर शिजत होतं, त्यामुळे लेकरू कोणाच्या मांडीवर आहे याची चौकशी करायला कोणी बसलं नाही.

गाव लहान होतं. उंद्रीच्या बाजाराला पायी जायचं आणि दिवस मावळायच्या आत पायी परतायचं, एवढं अंतर. बुलढाणा वर पठारावर, तिथं कचेरीचं काम निघालं तरच माणसं जात, आणि गेलेला माणूस परत आला की आठवडाभर बुलढाण्याच्या थंड हवेचं कौतुक सांगत असे. आता मी त्याच बुलढाण्यात राहते आणि हवेचं कौतुक कोणी करत नाही. पंखा सगळ्यांच्या घरी आहे.

आमचं घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर काड्या आणि पालापाचोळा, आणि वरून पांढऱ्या मातीचा थर ठोकून ठोकून सपाट केलेला. उन्हाळ्यात आत गार आणि थंडीत उबदार. धाब्याला जागोजागी हातभर रुंदीची भोकं ठेवलेली असत, त्यांना सानं म्हणत. त्यातून उजेड खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. पावसाळ्यात त्यावर फुटका माठ पालथा घालत. सकाळी जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. माय आणि मोठमाय समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून दळायच्या. जात्यावर ओव्या म्हणतात असं मी पुढे शाळेत शिकले, पण आमच्या घरी त्या दोघी ओव्या म्हणत नसत, गप्पा मारत. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेला माहेरी धाडत नाहीत, असं जात्याच्या घरघरीच्या वर आवाज काढून बोलत. त्यामुळे गावातली कुठलीही गुप्त बातमी आमच्या घरात पहाटे मोठ्यानं सांगितली जायची. भाकरी मायच्या हातच्या आणि कालवण मोठमायच्या हातचं, ही वाटणी मात्र आधीपासून होती. मायची भाकर पातळ, पापुद्रा सुटलेली. मोठमायच्या बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा असा की खाताना कपाळावर घाम यायचा आणि तरी हात थांबायचा नाही. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, वर कच्चं तेल, हे माझं आवडतं जेवण. मी मोठेबाबांच्या ताटात जेवायची. ते फारसं बोलत नसत. भाकरीचा पहिला तुकडा मोडून गाईसाठी बाजूला ठेवत आणि दुसरा माझ्यापुढे सरकवत.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दोन भावांचे स्वभाव अगदी उलटे. मोठेबाबा संथ. दादांना प्रत्येक गोष्टीची घाई. बाजारातून येताना त्यांच्या पिशवीत भाजीबरोबर काहीतरी नवं निघायचं, कधी विजेरी, कधी मोठेबाबांनी पेटवून पाहिला आणि परत ठेवून दिला असा सिगारेट पेटवायचा लायटर. तेव्हा आमच्या बाजूला विहिरींवर तेलावर चालणारी इंजनं दिसायला लागली होती. दादांनी कुठल्यातरी मळ्यात ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यातून ते जाईना. आमच्या विहिरीवर मोट होती. मोठेबाबा ती पहाटेपासून हाकत, बैल धावेवरून खाली उतरत आणि उलट्या पावलांनी वर येत. त्या जोडीला मोठेबाबांचा आवाज इतका पाठ होता की तोंडातून शब्द निघायच्या आधीच ती वळायची.

"मोटेचं पानी बैलाच्या चालीनं येते," मोठेबाबा म्हणायचे, "जमीन ते सवडीनं पेते. इंजनाचं पानी पयते. पयत्या पान्यानं पीक होत नाई गा."

"भाऊ, दुनिया कुठं चालली अन् आपून अजून मोटेवरच हावो," दादा म्हणायचे.

असं वर्षभर चाललं. मग एका दिवशी दादा बैलगाडीत इंजन घालूनच घरी आले. मोठेबाबांनी आरडाओरडा केला नाही. विहिरीवर ते उतरवायचं नाही, एवढंच सांगितलं. इंजन अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिलं. कोंबड्या त्यावर बसू लागल्या. येणाराजाणारा ताडपत्री उचलून पाहायचा आणि दोघा भावांपैकी जो जवळ असेल त्याच्या बाजूनं बोलून जायचा. दादांच्या चेहऱ्याकडे पाहून माय आम्हां पोरांना त्यांच्यापासून लांब ठेवायला लागली.

एके दुपारी ओसरीवर पंगत बसली होती. मी मोठेबाबांच्या ताटात होते, मोठमाय वाढत होती. इंजनाचा विषय पुन्हा निघाला, आणि मोठेबाबा नेहमीसारखं पाणी पळतं म्हणाले. दादांनी हातातला घास ताटात टाकला.

"तुमचं काय जाते भाऊ? तुमच्या मागं कोन हाये? मले माह्या लेकरायचं पाहा लागते."

मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. मोठमायच्या हातात पातोड्यांच्या रश्श्याचं भांडं होतं आणि ती नेमकी दादांच्या ताटाशी वाकलेली होती. तिची पळी थोडी थांबली. मग ती म्हणाली, "अजून रस्सा वाढू का, भाऊजी?" दादांनी मान हलवली. तिनं वाढलं, पुढच्या ताटाकडे गेली, सगळी पंगत पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी देऊळघाटला माणूस धाडला. देऊळघाटला दोघा भावांचे मामा राहत. आमच्याकडे वाटणीला मामालाच बोलावतात.

मामा आले ते पांढऱ्या मिशांचे, तपकिरीचा वास येणारे, आणि घाईत असलेले. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी दोघा भाच्यांना सांगितलं, "वाटणी करताना रडाचं नाई, झाल्यावर हसाचं नाई. मह्या बापाचं सांगणं हाये. चाला." आणि खरंच कोणी रडलं नाही. शेताच्या मधोमध बांध पडेल असं ठरलं. बैलांच्या दोन जोड्या होत्या, त्या एकेक गेल्या. विहीर एकच, तेव्हा ती सामाईक राहिली, पाळीपाळीनं एका आठवड्यात मोट आणि एका आठवड्यात इंजन. घराच्या मधून भिंत घालायची. मग भांडी अंगणात आणली. लहानपणापासून मी ती चुलीपाशी आणि फळीवर पाहिलेली, ती अशी उन्हात ओळीनं मांडलेली पाहून मला वाटलं की कोणाचं तरी लग्न आहे. मी मोठमायच्या मांडीवर बसून कोणती घागर कोणाकडे जाते ते पाहत होते. जातं थोरलीकडे गेलं, खलबत्ता धाकटीकडे.

सगळं संपत आलं तेव्हा मामांनी चिमटीत तपकीर घेतली आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अन् ही पोरगी?"

मायच्या कडेवर माझी बहीण होती, ती तिला या कडेवरून त्या कडेवर घेऊ लागली.

"काय वं कुसुम," मामा म्हणाले, "तू कुठं राहशील?"

मी म्हटलं, "इथंच."

सगळे हसले. दिवसभरात पहिल्यांदाच हसले, त्यामुळे जरा जास्तच हसले. आणि त्या हसण्यातच दादा म्हणाले, "बराबर हाये. बापाची लेक बापाच्याच घरी राहीन." मामांनी मोठेबाबांकडे पाहिलं. "त्याची लेक हाये," मोठेबाबा म्हणाले, "त्यात मी काय बोलू?" मोठमायनं मला मांडीवरून खाली ठेवलं, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि आत गेली. तिच्या वाटणीची भांडी उचलायला ती मामा जाईपर्यंत बाहेर आली नाही.

'इथंच' म्हणजे मला काय म्हणायचं होतं, हे मी पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. मांडीवर बसले होते, ती मांडी म्हणायची होती, की ते अंगण, की ते सगळं होतं तसंच राहावं असं काही? आठ वर्षांची मुलगी इतका विचार करत असेल असं वाटत नाही. तिला विचारलं, तिनं जवळ होतं ते सांगितलं.

भिंत कच्च्या विटांची होती आणि ती तुळईपर्यंत पोचलीच नाही. विटा संपल्या म्हणून पुरुषभर उंचीवर काम थांबलं ते कायमचं. त्यामुळे दिसत काही नसे, पण पलीकडचं भांडं पडलं तरी ऐकू यायचं. मोठेबाबांनी मोठमायला सांगून ठेवलं होतं की लेकराची सवय तुटली पाहिजे, तिला बोलवू नको आणि तिच्याशी बोलू नको, त्यातच तिचं बरं आहे. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की विहिरीवर भेटली तर मोठमाय माझ्याकडे पाहत नाही आणि माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाभळीकडे पाहते. दादांनी मला वेगळं बजावलं होतं की तिकडे पाय ठेवायचा नाही. दोघा भावांचं बाकी कशात जमत नव्हतं, पण यात ते न बोलता एक झाले होते.

माय माझ्याशी वाईट वागली नाही, उलट फार जपून वागली. तेच अवघड होतं. वेणी घालताना भांग मधोमध काढू की तिरपा, हे ती मला विचारायची. भाकरीवर तूप लागतं की तेल, हेही तिनं मला विचारलं. झोपताना ती मला जवळ घ्यायची, पण तिच्या एका बाजूला भाऊ असायचा आणि पोटाशी बहीण, आणि माझ्यासाठी हात लांब करता करता ती बिचारी झोपून जायची. मी जेवायची, पण जेवलेलं अंगी लागेना. शाळेतल्या मास्तरांनी दादांना पोरगी वाळून राह्यली म्हणून सांगितलं. दादांनी बाजारातून खारका आणल्या.

उन्हाळा लागला आणि धाब्यावर वाळवणं पडली. शेवया, कुरडया, ज्वारीचे धापोडे, हे आधी दोघींनी मिळून केलेलं काम, ते आता दोघी आपापल्या अर्ध्या धाब्यावर वेगवेगळ्या वेळेला करायच्या. खाली भिंत होती, पण वर धाबं एकच होतं. हद्द कळावी म्हणून दादांनी दगडांची एक ओळ मांडली होती. कावळे हाकायला मायनं मला वर बसवलं, आणि पहिल्याच दिवशी मी दगडांची ओळ ओलांडून मोठमायच्या चुलीवरच्या सान्यापाशी जाऊन पालथी पडले.

खालून धूर यायचा, त्यानं डोळ्यांना पाणी यायचं. धूर सरला की मोठमाय दिसायची, वरून पाहिल्यामुळे डोक्याचा भांग आणि दोन हात एवढीच. तिनं वर पाहिलं नाही. सान्यातून पडणारा उजेड माझ्या डोक्यानं अडतो, हे तिला कळलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. पण तिला बोलायचं नाही असं सांगितलेलं होतं आणि ती नवऱ्याचा शब्द मोडणारी बाई नव्हती. थोड्या वेळानं ती चुलीशी बोलू लागली.

"चुलीबाई, आज अंबाडी केली बरं का. कण्या मस्त मऊ झाल्या. आता खाईन कोन, मले काय मालूम."

मी हसले, पण आवाज केला नाही. मलाही कळलं होतं की हे बोलणं चुलीशीच चाललं आहे, असं धरून चालायचं आहे.

त्यानंतर मी रोज जाऊ लागले. मोठमाय रोज चुलीला गावच्या बातम्या सांगायची. पूर्वी जात्यावर मायला सांगायची त्याच. मध्येच चुलीला विचारायची, "चुलीबाई, एखाद्या लेकराच्या डोक्याले कोनी तेल लावते का नाई? केस भुरे दिसून राह्यले." मी उत्तर द्यायची नाही. एकदा मी वाळलेल्या कुरडईचा तुकडा सान्यातून खाली टाकला. तो तिच्या परातीत पडला. तिनं तो उचलला, कोरडाच तोंडात टाकला आणि चुलीला म्हणाली, "मीठ बराबर हाये."

माझा धाकटा भाऊ म्हणतो की तिथं सानं नव्हतंच. ते घर पाडलं तेव्हा तो हजर होता, मी नव्हते. मी त्याच्याशी वाद घालत नाही. तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि त्याला धाब्यावर चढू देत नसत.

वाळवणं संपली तरी माझं वर जाणं संपलं नाही. दुपारी सगळे पडले की मी शिडीनं वर जायची. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. मातीचं धाबं तव्यासारखं तापायचं. त्या दिवशी सकाळपासूनच माझं डोकं जड होतं. मी सान्यापाशी पडले, खालचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द लांब लांब जात होते. मला उठावंसं वाटलं आणि उठता येईना.

मला शोधत माय वर आली. ती शिडीनं कधी चढायची नाही, तिला उंचीची भीती वाटायची. तिनं मला दगडांच्या पलीकडे पडलेली पाहिलं आणि धावत आली, आणि मला उचलायला वाकली तशीच थांबली. खाली मोठमाय बोलत होती. आवाज चढवून, घाईनं बोलत होती.

"चुलीबाई, त्या पोरीले सांग ना, घरी जाय म्हना. ऊन लय हाये. तिची माय वाट पाहून राह्यली असन. माय लागते वं लेकराले. जाय म्हना तिले."

माय किती वेळ तशी वाकून उभी होती मला सांगता येणार नाही. तिच्या पदराची सावली माझ्या तोंडावर पडली होती, एवढं आठवतं. मग तिनं मला खांद्यावर घेतलं आणि शिडीवरून उतरवलं. मला वाटलं ती मला आत नेऊन निजवेल. ती थांबली नाही. अंगण ओलांडून, दरवाज्यातून, ती रस्त्यावर आली. आठ वर्षांची लांबलचक पोर खांद्यावर, डोक्यावरचा पदर घसरलेला, अनवाणी पाय फुफाट्यात. शेजारच्या बाया दारात आल्या. आमच्या दारापासून मोठमायच्या दारापर्यंतचा रस्ता म्हणजे घराच्या लांबीएवढाच, पण तो तिनं भर दुपारी सगळ्यांच्या देखत चालला.

"बाई," माय दारातून म्हणाली. थोरल्या जावेला ती बाई म्हणायची. "हिले घ्या. उन्हानं तापली हाये. कांद्याचा रस लावा."

मोठमाय उठून उभी राहिली होती, पण हात पुढे करत नव्हती.

"भाऊजी?"

"त्याइचं मी पाहीन. तुमी हिले घ्या आधी, मह्या हाताले कळ लागली."

मोठमायनं मला घेतलं. मला आठवतो तो तिचा वास, धुराचा आणि कांद्याचा. माय तिथंच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मले पानी द्या बाई घोटभर." ती पाणी प्यायली, भांडं पालथं घातलं आणि आपल्या घरी गेली.

दिवस कलताना दादा शेतातून आले. भिंत अपुरी होती म्हणून पुढचं सगळं मी अंथरुणावरून ऐकलं. मोठेबाबाही ऐकत होते, ते माझ्या उशाशी बसून कापलेला कांदा माझ्या तळपायाला चोळत होते.

"कुसुम कुठं हाये?"

"तिकडे हाये."

"कोनाले विचारून?"

"वाटणी कोनाले विचारून केली होती?" माय म्हणाली. भाकरी थापण्याचा आवाज थांबला नव्हता.

दादांचा आवाज चढला. ते आत्ता जातील आणि पोरीला घेऊन येतील, गावानं त्यांच्या तोंडात शेण घालावं असं हे काम आहे, असं पुष्कळ बोलले. मायनं त्यांना बोलू दिलं. मग भाकरीचा आवाज थांबला.

"आना. मी आडवी येत नाई. पन एक हाये. भाऊच्या मागं कोन हाये, असं तुमी म्हनले होते. भरल्या पंगतीत, सगळ्याइच्या देखत म्हनले होते. आता त्याइच्या मागं ही हाये. तुमाले नेआची असन तं तशीच सगळ्याइच्या देखत जाऊन त्याइच्या पुढून उचलून आना."

मी दादांच्या चालण्याचा आवाज ऐकायला कान लावून राहिले. आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं बाजेची करकर ऐकू आली, ते बसले असावेत. इकडे मोठेबाबांनी कांदा बाजूला ठेवला, माझ्या पायावर पांघरूण ओढलं आणि मोठमायला म्हणाले, "हिचं अंथरून आत गारव्यात टाक." आणि स्वतःची बाज उचलून अंगणात नेली. आत तिघांना जागा पुरत नव्हती. त्या दिवसापासून ते बाहेरच झोपू लागले, पावसाळ्यात ओसरीवर.

दादा मायशी पुष्कळ दिवस बोलले नाहीत. भावाच्या तोंडून निरोप द्यायचे, "तुह्या मायले सांग, पानी काढ." मायही त्याच वाटेनं उत्तर धाडायची, आणि चार वर्षांचा भाऊ दोघांच्या मध्ये निरोप उलटेसुलटे करून टाकायचा. असं चालता चालता एकदा त्याच्या निरोपानं माय हसली आणि दादांनाही हसू आवरेना, ते इकडे आम्हाला ऐकू आलं. पुढच्या एका बाजाराच्या दिवशी दादा मोठेबाबांच्या दारासमोर येऊन उभे राहिले. हातात रेवड्यांची पुडी होती. "कुसुम," त्यांनी रस्त्यावरूनच हाक मारली. मी उठले, पण मोठेबाबांनी मला हातानं बसवलं आणि आतूनच म्हणाले, "आत ये ना गा." वाटणीनंतर भावाशी बोललेले ते त्यांचे पहिले शब्द. दादा आत आले, टेकले, पाणी प्यायले. इंजनाचा विषय कोणी काढला नाही.

सगळं पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. भिंत पाडली नाही, चुली दोनच राहिल्या, आणि बांधावरच्या आंब्यावरून दोघा भावांची पुढेही जुंपायची. पण माझं घर कोणतं हे कोणी पुन्हा विचारलं नाही. मी मोठमायकडे राहिले, उंद्रीच्या शाळेत गेले, पुढे बुलढाण्याला शिकायला राहिले तेव्हा मोठेबाबा दर पंधरवड्याला एसटीनं पिशवीभर भाकरी आणि चटणी घेऊन येत आणि बसस्टँडवरच देऊन परत जात, कारण शहरात त्यांना गुदमरायला व्हायचं. माझ्या लग्नात कन्यादानाला मोठेबाबा आणि मोठमाय बसले. मामा तेव्हा हयात नव्हते. दादा-माय त्या दोघांच्या मागे उभे होते, आणि बसण्याआधी भटजींनी मुलीचे आईवडील पुढे या म्हटलं तेव्हा चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं, एवढंच.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले ती मोठमायच्या घरी. मोठमायला लहान लेकराला न्हाऊ घालता येत नसे. मला तिनं वाढवलं खरं, पण न्हाऊ घालायला तेव्हाही शेजारची म्हातारी येत असे, असं तिनं आता कबूल केलं. म्हणून रोज सकाळी माय यायची. पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायची, माझ्या लेकीला पायांवर घ्यायची, आणि तिचे हात असे चालायचे की रडणारं पोर अर्ध्यातच जांभई देऊ लागायचं. मोठमाय पाणी तापवून आणून द्यायची आणि बाजूला बसून पाहायची. एके दिवशी मोठमाय सरपण आणायला परसात गेली होती. मी खाटेवर बसून पाहत होते. इतकी वर्षं न विचारलेलं त्या दिवशी का विचारावंसं वाटलं, माहीत नाही.

"माय, मले तिकडे देताना तुले वाईट नाई वाटलं?"

"वाटलं ना," ती म्हणाली. "काऊन नाई वाटनार?" तिचे हात थांबले नाहीत. तिनं लेकीला पालथं घातलं, पाठीवर तेल जिरवलं. मला वाटलं बोलणं तिथंच संपलं. मायचं बोलणं बहुधा तिथंच संपायचं.

"तू भिंतीपलीकडून हाक मारायची," ती मग म्हणाली. "माय, मीठ देतं का, माय, विस्तव देतं का. पहिल्या हाकेले मी ओ देत नव्हती."

"काऊन?"

"दुसऱ्यांदा माय म्हनशील म्हनून."

मोठमाय सरपण घेऊन आत आली. मायनं तिला पाणी विसणायला सांगितलं.